मागून वारा

केदारला वेळेवर येता येत नाही हे मी त्याच्या जन्मापासून बघत आले. जन्मलासुद्धा डॉक्टरीणबाईंनी दिलेली तारीख उलटून गेल्यावर. पण सांगितल्या वेळेच्या आधी येऊन आईला फजीत करायचं, हे त्याने नवीनच शिकून घेतलंय. काल फोनवर म्हणाला, "आई, रात्री उशिरा येईन, जेवायला थांबू नका." आणि आज भर दुपारी, मी ओले केस मोकळे सोडून तीळ निवडत बसलेली, समीक्षा उद्याच्या पत्रावळी पुसून ठेवत बसलेली, आणि दारात हा. हातात चाकांची बॅग, गळ्यात ती बैलाच्या जुवासारखी उशी. बेल वाजवायची, ती नाही वाजवली. स्वतःच्या किल्लीने दार उघडलं. वर्षभर दुबईच्या कुठल्या खणात पडलेली डोंबिवलीजवळच्या कोपरच्या ह्या घराची किल्ली त्याला आज बरोबर सापडली.

"सरप्राइज," म्हणाला.

"सरप्राइज वाढदिवसाला देतात रे. बापाच्या वर्षश्राद्धाला नाही देत."

"बरं, पाया तर पडू देशील?"

पडला. उठताना त्याच्या गुडघ्याचा कट्‌ असा आवाज झाला. ह्यांच्याही गुडघ्याचा असाच व्हायचा, पण ह्यांचा मोहने गावच्या कारखान्यात उभं राहून राहून व्हायचा, आणि ह्याचा बसून बसून. समीक्षाने पाणी दिलं नि विचारलं, "दादा, तू तर रात्रीचं म्हणालेलास?" तो म्हणाला, "सकाळचं मिळालं गं. आणि काय पळवलं माहितीये? तीन तासपण नाही लागले. मागून वारा होता. थंडीत तिकडून इकडे येताना वारा मागून असतो, विमान उडतच येतं." उडतच येतं म्हणे. विमान दुसरं काय करणार, चालत येणार? मी तीळ बाजूला ठेवले, केसांची गाठ मारली आणि त्याला वाढायला आत गेले. पोळी तव्यावर टाकली, ती फुगली, करपली, तरी मी बघत उभीच. तीन तास. हा शब्द मी पूर्वीही ऐकला असेल. पण आज तो घरात शिरला नि पायपुसण्यावर पाय न पुसता सरळ देवघरापर्यंत गेला.

मी तिसरी शिकलेली बाई. पाटण तालुक्यातल्या आमच्या वाडीत शाळा तिसरीपर्यंतच होती आणि पुढे नदी होती. पण हिशेब मला कुणी शिकवावा लागला नाही. भाजीवाल्याची तागडी मी डोळ्यांनी पकडते, दुधातलं पाणी जिभेने. ह्यांना माझा हा स्वभाव आवडायचा नाही. "रतन, तुला देव जरी भेटला ना, तरी तू आधी त्याचं आधारकार्ड मागशील," म्हणायचे. केदार दुबईला गेला त्या पहिल्या वर्षी मी ह्यांना विचारलेलं, की जाताना पोरगं सकाळी निघतं नि सकाळीच पोचतं, आणि येताना सकाळी निघतं ते दुपार करून येतं, असं कसं? जायला घाई आणि यायला पाय जड, असंच ना? हे खूप हसले. ताटातल्या तांदळावर बोटाने दोन गोल काढले, एक आपला, एक त्यांचा. म्हणाले, सूर्य आधी आपल्याकडे येतो, मग दीड तासाने त्यांच्याकडे जातो. घड्याळं वेगळी आहेत, वाट तेवढीच आहे. मी मान हलवली. पण मनात म्हटलं, घड्याळं लावणारी माणसंच असतात. आपल्याला पाहिजे तशी लावतात.

केदार जेवत होता. घास लहान लहान, चावणं सावकाश, फोन पाण्याच्या तांब्याला टेकवलेला. मी समोर बसले. उद्या सकाळी गुरुजी येणार, आणि उद्याचा प्रश्न अजून सुटलेला नाही, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ह्यांना अग्नी दिला समीक्षाने. भाऊबंदांचा विरोध पत्करून दिला, मीच द्यायला लावला. दहावं, तेरावं, मग महिन्याचे महिन्याला पिंड, सगळं तिनेच केलं. कल्याणला शाळेत शिकवते, त्या दिवशी अर्धी रजा टाकून यायची. गुरुजी आधी नाक मुरडायचे, मग सवय झाली. पण वर्षश्राद्धाला पाटावर मी बसणार, असं केदारचं दोन महिन्यांपासून चाललेलं. "आई, तेव्हा पोचलो नाही, ते राहून गेलंय माझं. हे तरी मला करू दे." गुरुजीही म्हणाले, मुलगा हजर असताना मुलगी कशाला. समीक्षाला मनातून पटत नाही तेव्हा तिची मान ह्यांच्यासारखी थोडी डावीकडे झुकते, तशी झुकली. आणि मी, मी जवळजवळ हो म्हटलं होतं. केदारसाठी नवं धोतर आणून कपाटात ठेवलं होतं. पोरगा पोचला नाही, परदेशात होता, विमान मिळालं नाही, त्यात त्याचा काय दोष, असं मी वर्षभर सगळ्यांना सांगितलंय. माझ्या जावांना सांगितलंय, ज्या विचारताना तोंड वाकडं करून विचारायच्या.

तीन तास.

"समीक्षा," मी म्हटलं, "तुझ्या फोनात बघ गं, दुबईपासून मुंबईपर्यंत किती."

"काय किती?"

"लांब किती नि वेळ किती."

तिने बोट फिरवलं. "एकोणीसशे किलोमीटरच्या वर. विमानाला तीन तास, थोडं इकडेतिकडे. का गं?"

"काही नाही. विमान एवढं पळतं, म्हटलं बघावं."

केदारने मान वर केली नाही. पण त्याचा घास तोंडातच थांबला. तेवढं मला पुरे होतं. माझ्या आयुष्यात मी माणसं अशीच वाचली, अक्षरं नाही वाचली.

मी भांडी घासायला घेतली, आणि नळाच्या पाण्याखाली हात धरल्यावर तो बर्फ आठवला. गेल्या मार्गशीर्षात हे गेले ते दूधवाला यायच्या आधी. झोपेतच. मी हाक मारली, उठा, आज पाणी लवकर जाणार आहे, आणि हे उठले नाहीत. केदारला समीक्षाने फोन लावला. तो रडला, खरंच रडला, रडणं मी ओळखते. म्हणाला, "थांबा. तिकीट बघतो. माझ्यासाठी थांबा." आम्ही थांबलो. आमची लिफ्ट लहान, म्हणून ह्यांना पुढे-मागे माणसं लावून जिन्याने खाली आणलं आणि पार्किंगमध्ये, कुणाच्या तरी गाड्या बाहेर काढून, मोकळ्या जागेत ठेवलं. सकाळी तिथे सावली होती. मग ऊन शिरायला लागलं. ऊन बोटभर सरकलं की मी सतरंजी बोटभर ओढायची. राघोभावजींनी, ह्यांच्या धाकट्या भावाने, डोंबिवलीच्या मासळी बाजारातून बर्फाची लादी आणली. तिला मासळीचा वास होता. माळकरी माणसाच्या उशाला मासळीच्या वासाचा बर्फ. मला त्या वेळी त्याचं काही वाटलं नाही, आता रोज वाटतं. लादी ठेवली त्याच सुमाराला समीक्षाने दादाला पुन्हा फोन लावला, आणि तो बंद लागला. नंतर पुन्हा बंद. माझी नजर त्या लादीवरच होती. तिचे कोपरे गेले, मग ती मधून पातळ झाली, मग तिच्यातून पलीकडची फरशी दिसायला लागली, पाण्याचा एक ओहोळ जाऊन कुणाच्या तरी स्कूटरच्या चाकाला अडला. राघोभावजी दोनदा म्हणाले, "वहिनी, अंधार पडायच्या आत नेलेलं बरं." मी म्हटलं, "माझा मुलगा येतोय." गल्लीत रिक्षा वाजली की मी मान उचलायची. बायका रडायच्या थांबून माझ्याकडे बघायला लागल्या. लादी निम्मी उरली तेव्हा केदारचा फोन आला. माझ्या फोनवर आला. "आई, सकाळचं नाही मिळालं. रात्रीचं आहे. बाबांना ताटकळत ठेवू नका. तुम्ही करून घ्या." आवाज स्वच्छ होता. आणि फोनवर त्याचा फोटो आलेला.

मी पातेलं हातातून खाली ठेवलं. फोटो. समीक्षाने माझ्या फोनात त्याचा फोटो लावून दिलाय, इथल्या नंबराला. निळा शर्ट, हसतोय. तो तिकडून फोन करतो तेव्हा फोटो येत नाही, नुसते लांबलचक आकडे येतात, आणि मी आकडे बघून समजते की हा तिकडून बोलतोय. त्या दिवशी निळा शर्ट आला. मी तो बघितला, आणि तशा प्रसंगी त्याच्या हसण्याचा राग आला, एवढंच लक्षात राहिलं. बाईचं डोकं किती ओझं वाहणार! त्या क्षणी वर्षभराचा विचार त्यात मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो आला. ते माझ्या डोळ्यांसमोर आहे. दारातच माझ्या गळ्यात पडला नि मी त्याला धरलं, आणि नाक आपलं काम करतच राहिलं. त्याला सुतकबितक कळत नाही. विमानातून आलेल्या माणसाच्या अंगाला एक वास येतो, बंद फ्रिज उघडल्यासारखा, थंड, कुणाचाच नसलेला. दर खेपेला केदारच्या कपड्यांना तो यायचा. त्या दिवशी नाही आला. त्या दिवशी त्याच्या शर्टाला डांबरगोळीचा वास होता. डांबरगोळी आम्ही घरात ठेवत नाही, ह्यांना त्याने शिंका यायच्या. ती ठेवतात ठाण्यात माजिवड्याला, केदारच्या बायकोच्या, अंतराच्या माहेरी. तिची आई, हेमाताई, पाहुण्यांच्या चादरी ट्रंकेत गोळ्या घालून ठेवतात. लग्नाच्या वेळी एक रात्र राहिलेले त्यांच्याकडे, सकाळपर्यंत डोकं धरलेलं माझं. मग मी ठरवून टाकलं की अंतरानेच अडवलं असेल. कधी कसं, ते मला सांगता आलं नसतं. पण सुनेवर संशय घ्यायला पुरावा लागत नाही, तो घरातच साठवलेला असतो. वर्षभर मी तिच्याशी फोनवर तुटक बोलले. "कशी आहेस" याच्यापुढे गेले नाही. ती तिकडे नोकरीच्या नावाने राहिली, उद्याच्या श्राद्धालाही आली नाही, तेव्हा म्हटलं, बघा, तोंड दाखवायची हिंमत नाही.

आता सगळं एकेक करून आपल्या जागी बसत होतं, आणि मला ते नको होतं. मी स्वतःशीच भांडले. म्हटलं, रतन, फोन काय, कसाही बंद लागतो. वास काय, नाकाचे भास असतात, त्यात तू रडलेली. उद्या श्राद्ध आहे, आज पोराची उलटतपासणी नको. ह्यांना आवडलं नसतं. पण हेच ते हे, ज्यांना मी उन्हातून बोटभर बोटभर ओढत होते, ते कशासाठी? विमानात फोन बंद ठेवावा लागतो, एवढं मला केदारनेच सांगितलेलं. बर्फाची लादी आली तेव्हा फोन बंद झाला आणि ती निम्मी झाली तेव्हा चालू झाला. थंडीतल्या उन्हात लादी निम्मी व्हायला किती वेळ लागतो, ते कुठल्या फोनात बघायची मला गरज नाही. मी तिच्या शेजारी बसले होते.

हात पुसून बाहेर आले तेव्हा ऊन भिंतीवरून उतरायला लागलं होतं. केदार खुर्चीत, डोळे मिटलेला. समीक्षा पत्रावळी संपवून दर्भ बांधत होती. मी खाली बसले, तिळाचं ताट पुढे ओढलं.

"केदार, तुझ्या बाबांच्या वेळी बर्फ कुणी आणला, ठाऊक आहे?"

त्याने डोळे उघडले. "राघोकाकांनी ना?"

"हो. तेव्हा तू कुठे होतास?"

"दुबईला गं. असं काय विचारतेस?"

"तुझा फोन बंद होता."

"बॅटरी गेली असेल. त्या दिवशी मला काही सुचत होतं का?"

"मग चालू झाला तेव्हा तुझा फोटो आला. आकडे नाही आले."

समीक्षाने हातातले दर्भ खाली ठेवले. "आई, असं काही नसतं. इथलं सिम तिकडे चालू ठेवलं तरी फोटो येतो." भावाची वकिली करत होती. ज्याच्यासाठी उद्या पाट सोडायचा, त्याची.

"बरं," मी म्हटलं. "मग हेमाताईंच्या चादरी दुबईला जातात का गं?"

खाली वॉचमनच्या रेडिओवर कसलंसं गाणं लागलेलं. केदारने गळ्यातली ती उशी काढली, मांडीवर ठेवली, तिचे दोन्ही कान जुळवले, सोडले, पुन्हा जुळवले. चाळिशीचा माणूस. लहानपणी काचेचं काही फोडलं की फ्रॉकातल्या समीक्षाच्या मागे उभा राहायचा; आता उभं राहायला जागा नव्हती.

"मी आलेलो," तो म्हणाला. "त्याच सकाळच्या विमानाने. दुपारच्या उजेडी उतरलो, आई."

"मग?"

"टॅक्सी केली. माजिवड्यापर्यंत आलो. तिथे सिग्नल लागला, तर ड्रायव्हरने विचारलं, साहेब, पुढे सरळ डोंबिवलीच ना. आणि मला तोंडातून हो म्हणता येईना. विमानात पूर्ण वेळ मला एकच दिसत होतं. बाबांचं तोंड, आणि माझ्या हातात विस्तव. मला ते जमणार नव्हतं. म्हटलं, पाच मिनिटं थांबतो अंतराच्या घरी, चहा घेतो, मग निघतो. तिथून फोन केला. फोन केल्यावर मग निघायला तोंडच राहिलं नाही."

"अंतरानं सांगितलं थांब म्हणून?"

"नाही गं. ती तिकडेच होती. तिला कळलं तेव्हा आठ दिवस बोलली नाही माझ्याशी. आईंना सांग म्हणून अजून मागे लागते. उद्यासाठी आली नाही ती त्यामुळेच. म्हणाली, तू सांगितल्याशिवाय मी त्यांच्यासमोर बसणार नाही."

वर्षभर तिच्या नावाने मोडलेली बोटं सगळी फुकट गेली. खोटं कशाला सांगू, मला त्याचंच आधी वाईट वाटलं. घट्ट धरलेली वस्तू कुणी हातातून काढून घेतल्यासारखं. मग वाटलं, म्हणजे माजिवड्याला ठाऊक, दुबईला ठाऊक. हेमाताई तेराव्याला आल्या, माझा हात हातात घेऊन म्हणाल्या, "बिचारा पोचू शकला नाही हो." ठाऊक असून म्हणाल्या. मीही मान हलवली. ठाऊक नव्हतं ते इथे आम्हालाच, आणि मी सतरंजी ओढत बसलेली.

समीक्षा उठून गॅलरीत गेली होती. तिथूनच, पाठमोरी, म्हणाली, "दादा, मला पण जमत नव्हतं. माझा हात पुढे होईना, म्हणून राघोकाकांनी मनगट धरलं. विस्तव नेमका कुठे लावायचा तेसुद्धा मला माहीत नव्हतं. मी डोळे मिटून घेतले." तिचा आवाज चढला नाही. चढला असता तर बरं झालं असतं. ह्या मुलीने हे मला वर्षभरात एकदाही सांगितलं नाही.

केदार रडायला लागला. उशीत तोंड घालून. "आई, उद्या मला बसू दे. म्हणून तर खोटी वेळ सांगून आलो. तुम्ही वाट बघताय म्हटलं की मला वाटेतच थांबावंसं वाटतं. म्हटलं, कुणी वाट बघत नसताना एकदम घरात शिरायचं, मध्ये कुठे थांबायचं नाही. आज माजिवड्याला सिग्नलला मी डोळे मिटून घेतलेले. विचार त्या ड्रायव्हरला हवं तर. आज आलोय की नाही मी सरळ?"

आला होता. सरळ आला होता. मला त्याच्या केसांवरून हात फिरवावासा वाटला, आणि तो हात मी तिळाच्या ताटात दाबून धरला. तीळ बोटांना चिकटले. भित्रेपणा मला नवीन नाही; ह्यांना साधं इंजेक्शन सोसायचं नाही, तोंड फिरवायचे. पोरगं बापावर गेलं. भिणाऱ्याला मी काय म्हणणार. पण हे भ्याले तर भ्यालो म्हणायचे. गल्लीत रिक्षा वाजायची, आणि मान उचलून बघणारी ती बाई कोण होती, हे ह्याला कधी कळणार? कपाटात नवं धोतर घडी घातलेलं होतं. गुरुजींना मी तोंडाने कळवलेलं होतं. जावा उद्या येणार होत्या, कुणाला पाटावर बसवलंय ते बघायला. बाहेर दिवेलागणीची वेळ झाली, तरी आमच्यापैकी कुणी बटण दाबलं नाही.

मी ताट बाजूला सारलं आणि त्याला म्हटलं, "रडणं झालं असेल तर ऐक. तू भ्यालास, त्याबद्दल मी तुला एक शब्द बोलणार नाही. पण भ्यालो, हे तू मला त्या फोनवर सांगायचं होतंस. मी त्यांना तेव्हाच नेलं असतं, चार माणसांत ऊन झेलत ठेवलं नसतं. उद्या पाटावर समीक्षा बसेल. तू तिच्या शेजारी खाली बसायचं, बायका नवऱ्याच्या हाताला हात लावून बसतात तसा तिच्या हाताला हात लावून, पहिल्यापासून शेवटपर्यंत. गुरुजींनी विचारलं, हे काय, तर उत्तर तू द्यायचं. आणि आत्ता अंतराला फोन लाव. तिला म्हणावं, आईला सांगून झालं. आता पहिलं विमान पकड, तीन तासच तर लागतात."